आकडेवारीतील सार्थ अंक आणि संगणक

एखाद्या गावात वर्षभरात २३ बालके जन्मली आणि त्यांपैकी एक वर्षाच्या आत दगावले असे समजू. त्या गावचा बालमृत्यूचा दर दर हजारी किती, हे संगणकास विचारले असता पडद्यावर उत्तर उमटते : ४३.४७८२६. भागाकारात काहीही चूक नाही. तथापि पुढील वर्षी तितक्याच जन्मांत दोन बालके दगावली, तर हाच आकडा ८६.९५६५२ होईल आणि एकही न दगावल्यास तो शून्यावर येईल. एका बालकाच्या जगण्यामरण्याने ज्या आकड्याचा पहिलाच अंक शून्य, चार आणि आठ यांमध्ये हेलकावे खातो, त्याच्या दशांश चिन्हापुढील पाच अंकांना कोणता अर्थ उरतो? तरीही असा आकडा अहवालात जसाच्या तसा उतरतो, त्यावरून गावांची क्रमवारी लावली जाते आणि एखाद्या आरोग्यसेविकेस खुलासाही मागितला जाऊ शकतो. अशा ठिकाणी ‘२३ जन्म, १ मृत्यू’ एवढेच लिहिणे अधिक सत्य आणि अधिक उपयुक्त होय.

हाताने किंवा यंत्राची मूठ फिरवून हिशेब होत असत त्या काळी हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. जादा प्रत्येक अंकासाठी श्रम पडत. त्यामुळे लिपिक गरजेपुरत्या अंकांवर थांबत असे. संगणकाने हे श्रम नाहीसे केले आणि त्यांबरोबर तो लगामही गेला. आज जिल्हा परिषदेपासून ग्रामपंचायतीपर्यंत तक्ते संगणकावर तयार होतात आणि किती अंक छापावयाचे हा निर्णय बहुधा कोणीच घेत नाही. आज्ञावली लिहिणाऱ्याने कधी काळी जी सोय ठरवून ठेवली असेल, तीच कागदावर उमटते.

अंक सार्थ केव्हा होतो?

मोजमापातून आलेल्या संख्येत जे अंक खात्रीचे आहेत ते, आणि त्यांच्यापुढील अंदाजाचा पहिला अंक, यांना मिळून सार्थ अंक म्हणतात. फितीने मोजलेल्या बांधाची लांबी ४२.७ मीटर भरली, तर त्यात तीन सार्थ अंक आहेत. तीच लांबी ०.०४२७ किलोमीटर अशी लिहिली तरी सार्थ अंक तीनच राहतात. पुढची शून्ये केवळ दशांश चिन्हाची जागा दाखवितात. दशांश स्थळे आणि सार्थ अंक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शालेय विज्ञानात शिकविले जाते आणि कार्यालयीन तक्त्यांत सर्रास विसरले जाते.

खरी अडचण असते ती शेवटच्या शून्यांची. ४२.७ आणि ४२.७० या संख्या गणिताच्या दृष्टीने समान असल्या तरी मोजमापाच्या दृष्टीने समान नाहीत. दुसरी संख्या सेंटिमीटरपर्यंत मोजल्याची ग्वाही देते. एव्हरेस्ट शिखराच्या पहिल्या मोजणीबाबत एक कथा सांगितली जाते. राधानाथ सिकदर आणि भारतीय सर्वेक्षण खात्यातील इतर गणकांच्या आकडेमोडीतून शिखराची उंची नेमकी २९,००० फूट निघाली. परंतु लोक ती ढोबळ अंदाजाची संख्या समजतील म्हणून त्यात दोन फूट मिळवून १८५६ मध्ये २९,००२ फूट अशी उंची जाहीर करण्यात आली, असे म्हणतात. कथा तंतोतंत खरी असो वा नसो, तिच्यातील पेच खरा आहे. २९,००० या संख्येतील शून्ये मोजून आलेली आहेत की नुसती जागा भरण्यासाठी आहेत, हे संख्येकडे पाहून कळत नाही. ते लिहिणाऱ्याने सांगावे लागते.

‘आर’ भाषेचे सात अंक

सांख्यिकीच्या कामासाठी आज जगभर वापरली जाणारी एक संगणकीय भाषा ‘आर’ या एकाक्षरी नावाने ओळखली जाते. सातबाऱ्यावरील हेक्टर-आरशी तिचा संबंध नाही. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन प्राध्यापकांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी ती रचली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य असल्याने विद्यापीठांत, संशोधन संस्थांत आणि अनेक देशांच्या सांख्यिकी कार्यालयांत तिचा प्रसार झाला. वेगळे काही सांगितले नाही, तर ही भाषा सात सार्थ अंकांपर्यंत उत्तर छापते. हा सातचा आकडा पिकाच्या, पावसाच्या वा साक्षरतेच्या अभ्यासातून आलेला नाही. ती एक सर्वसाधारण सोय आहे, इतकेच. पडद्यावर सात अंक दिसले म्हणून मोजमाप सात अंकांपर्यंत झाले असा त्याचा अर्थ होत नाही.

पीक कापणी प्रयोगाचे उदाहरण घेऊन हे पाहता येईल. यादृच्छिक नमुना पद्धतीने निवडलेल्या शेतांत ठरावीक तुकडा आखून तेथील पीक कापावयाचे व तोलावयाचे, या पद्धतीचा आपल्या देशातील पाया १९४० च्या दशकात प्रशांतचंद्र महालनोबिस आणि सातारा जिल्ह्यात जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांच्या कार्याने घातला गेला. समजा, दहा मीटर बाय दहा मीटरच्या बारा तुकड्यांतून ज्वारीचे पुढीलप्रमाणे किलो वजन भरले : ९.२, ११.६, ७.८, १०.४, १३.१, ८.५, १२.०, ९.९, ६.७, १०.९, ११.३ आणि ८.१. तुकडा नेमका एक आर क्षेत्राचा असल्याने तुकड्यामागे जितके किलो, तितकेच हेक्टरी क्विंटल. बेरीज ११९.५ येते आणि संगणक हेक्टरी सरासरी छापतो ९.९५८३३३ क्विंटल.

या संख्येचा शेवटचा अंक हेक्टरी एक दशांश ग्रॅम सुचवितो. म्हणजे संपूर्ण हेक्टरामागे ज्वारीच्या काही दाण्यांची बाब! काटा मात्र शंभर ग्रॅमपर्यंतच वाचलेला होता आणि मुख्य म्हणजे एका तुकड्यात पावणेसात किलो तर दुसऱ्यात तेरा किलो पीक भरले होते. वेगळे बारा तुकडे निवडले गेले असते तर सरासरीही वेगळी आली असती. किती वेगळी, याचा अंदाज ज्या मापाने करतात त्यास प्रमाण त्रुटी म्हणतात. वरील वजनांवरून संगणक ती ०.५५७६५४५ अशी छापतो. याचा अर्थ असा की, सरासरीत अर्ध्या क्विंटलाहून अधिक इकडेतिकडे होणे अगदी स्वाभाविक आहे. अर्थात दशांश चिन्हानंतरचा पहिलाच अंक डळमळीत असून त्यापुढचे अंक निरर्थक आहेत.

येथे एक साधा नियम उपयोगी पडतो. प्रमाण त्रुटी एक किंवा फार तर दोन सार्थ अंकांत लिहावी आणि सरासरी त्याच दशांश स्थळापर्यंत आणून थांबावे. त्यानुसार वरील उत्तर ‘हेक्टरी १०.० क्विंटल, प्रमाण त्रुटी ०.६ क्विंटल’ असे लिहावे लागेल. सात अंकांच्या उत्तरापेक्षा हे उत्तर वाचकास अधिक सांगते. या शंकेत केवळ नमुन्यामुळे येणारी चूक धरलेली आहे, हेही लक्षात ठेवले पाहिजे. फार लहान तुकडे आखल्यास कडेची रोपे आत धरली जाऊन उत्पन्न वाजवीपेक्षा जास्त दिसते, हे डॉ. सुखात्मे यांनी दाखवून दिले होते. मोजण्याच्या पद्धतीतच असलेला असा कल कितीही दशांश स्थळे छापली तरी दूर होत नाही.

आता हे १०.० छापून घेताना नवख्या माणसाची फसगत होते. ‘आर’ भाषेत ‘राउंड’ ही आज्ञा संख्येला ठरावीक दशांश स्थळांपर्यंत आणते आणि ‘सिग्निफ’ ही आज्ञा ठरावीक सार्थ अंकांपर्यंत. ९.९५८३३३ ही संख्या ‘राउंड’ने एका दशांश स्थळापर्यंत आणली की पडद्यावर दिसते नुसते १०. शेवटचे शून्य गळून पडते, कारण संगणकाच्या स्मृतीत १० आणि १०.० यांत भेद नाही. संख्येला स्वतःची अचूकता आठवत नाही. ती फक्त लिहिण्यात टिकते. यास्तव शेवटचे शून्य राखावयाचे असेल तर संख्येचे मजकुरात रूपांतर करणारी ‘स्प्रिंटएफ’ किंवा ‘फॉर्मॅट-सी’ यांसारखी आज्ञा वापरावी लागते. तिला एक दशांश स्थळ हवे असे सांगितले की ती १०.० असेच देते. मात्र असे रूपांतर झाल्यावर तो मजकूर असतो, संख्या नव्हे. त्याची पुढे बेरीज-वजाबाकी होत नाही. म्हणून हे काम सर्वांत शेवटी, छपाईच्या वेळीच करावयाचे असते.

‘आर’ भाषेच्या आणखी दोन खोडी जाणून घेणे बरे. संख्यांचा संपूर्ण रकाना एकदम छापावयाचा असेल, तर त्यातील सर्वांत लहान संख्येच्या गरजेप्रमाणे दशांश स्थळे ठरतात आणि ती सर्वांना लागू होतात. परिणामी रकान्यात एखादी अगदी लहान संख्या आली की शेजारच्या मोठ्या संख्यांना विनाकारण लांबलचक शेपटी फुटते. दुसरी खोडी आपल्याकडे विशेष जाणवते. नेमके एक लाख ही संख्या ही भाषा १ई+०५ अशा रूपात छापते, कारण तिच्या हिशेबी तसे लिहिण्यास एक अक्षर कमी लागते. अनुदानाच्या यादीत इतर रकमा सरळ दिसत असताना एक लाखाच्या पुढे असे चिन्ह पाहून लेखापालाने काय समजावे? ही सवय एका आज्ञेने बंद करता येते; पण ती आहे हे ठाऊक असावे लागते. स्वल्पविराम घालण्याची तिची ठरलेली सोयही तीन-तीन अंकांचे गट पाडणारी आहे. लाख-कोटीच्या आपल्या रीतीने गट पाडण्याची व्यवस्था निराळी करावी लागते.

छापलेली संख्या आणि ठेवलेली संख्या

संगणकात साठविलेली संख्या आणि कागदावर छापलेली संख्या यांत फरक असतो, ही या विषयातील सर्वांत महत्त्वाची बाब होय. हा फरक विसरल्याने काय होते, त्याचा एक प्रसंग जर्मनीत घडला. श्लेस्विग-होल्श्टाइन या राज्याच्या विधिमंडळाची निवडणूक ५ एप्रिल १९९२ रोजी झाली. तेथील कायद्यानुसार पाच टक्क्यांहून कमी मते मिळविणाऱ्या पक्षास सर्वसाधारणपणे जागा मिळत नाहीत. त्या रात्री ग्रीन पक्षास बरोबर ५.० टक्के मते मिळाल्याचे जाहीर झाले आणि जागांचे वाटपही तसे मांडले गेले. मध्यरात्रीनंतर लक्षात आले की खरा आकडा ४.९७ आहे, आज्ञावली एकच दशांश स्थळ छापत असल्याने तो ५.० दिसला होता. ग्रीन पक्षाच्या जागा गेल्या आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्षास ८९ पैकी ४५ जागा, म्हणजे एका जागेचे निर्विवाद बहुमत मिळाले. मोजणी अचूक होती आणि भागाकारही. चूक होती ती केवळ दाखविण्यात.

महाराष्ट्रातील वाचकास या प्रसंगावरून पैसेवारीची आठवण होणे साहजिक आहे. पिकाच्या प्रत्यक्ष उत्पन्नाची प्रमाण उत्पन्नाशी तुलना करून गावाची पैसेवारी ठरते आणि ती ५० पैशांपेक्षा कमी आहे की नाही, यावर टंचाईच्या काळातील सवलती वर्षानुवर्षे अवलंबून राहिल्या. दुष्काळ ठरविण्यासाठी केंद्राच्या २०१६ च्या संहितेने पर्जन्यमान, पेरणी, वनस्पतींची उपग्रहावरून दिसणारी स्थिती असे अन्य निकष पुढे आणले असले, तरी गावागावांची पैसेवारी काढण्याची पद्धत राज्यात सुरू राहिली. समजा, एखाद्या गावाचा हिशेब ४९.६ पैसे आला आणि तक्ता पूर्ण पैशांत छापावयाचा आहे. कागदावर ५० दिसेल. संगणकास मात्र ‘५० पेक्षा कमी असलेली गावे निवडा’ असे सांगितले तर तो हे गाव निवडील. एकाच कचेरीतून निघालेली यादी आणि तक्ता परस्परांशी विसंगत ठरतील आणि गावकऱ्यांनी हरकत घेतली तर ती रास्तच असेल. पूर्णांकन आधी करून मग सीमारेषेशी तुलना करावयाची, की तुलना मूळ संख्येवर करावयाची, हे आज्ञावली लिहिणाऱ्याच्या मर्जीवर सोडण्यासारखे नाही. ते नियमातच लिहिलेले असावे. शिवाय सीमारेषेजवळच्या संख्यांना एक जादा दशांश स्थळ देण्यात कंजुषी करू नये. अंक कमी करणे हे काही स्वतःच पुण्यकर्म नव्हे.

उलट दिशेची चूक म्हणजे हिशेबाच्या मधल्या पायऱ्यांवरच अंक छाटणे. कॅनडातील व्हँकूव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १००० पासून सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने काढला जाई आणि दर वेळी तिसऱ्या दशांश स्थळानंतरचे अंक जवळच्या स्थानाकडे न नेता सरळ टाकून दिले जात. एका वेळची घट क्षुल्लक. परंतु दिवसाकाठी हजारो वेळा ती होत राहिली. नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक ५२४.८११ दाखवीत होता. दुरुस्ती केली तेव्हा खरा आकडा १०९८.८९२ निघाला. बाजार वाढला असताना तो निम्म्यावर आल्याचे चित्र जवळजवळ दोन वर्षे लोकांसमोर होते. मधली आकडेमोड पूर्ण अंकांनिशी करावी आणि पूर्णांकन एकदाच, शेवटी करावे, हा नियम म्हणूनच सांगितला जातो.

पूर्णांकनाचाही एक घोळ आहे. २.५ ही संख्या जवळच्या पूर्ण संख्येकडे न्यावयाची झाल्यास शाळेतील नियमाने उत्तर ३ येते आणि एक्सेलही तेच देते. ‘आर’ आणि पायथन या भाषा मात्र २ असे उत्तर देतात. अर्धा नेमका मध्यावर आला की सम अंकाकडे वळावे, अशी त्यांची रीत आहे. नेहमी वरच नेल्यास मोठ्या बेरजेत सगळा कल एका बाजूस जातो, तो टाळण्यासाठी ही योजना आहे. त्यातून संगणक द्विमान पद्धतीने संख्या साठवितो. एकतृतीयांश जसा दशांशात पुरा लिहिता येत नाही, तसा एकदशांश द्विमान पद्धतीत पुरा लिहिता येत नाही. ०.१५ ही साधी संख्या त्यामुळे संगणकात किंचित कमी साठते आणि ‘आर’ भाषेच्या आजच्या आवृत्तीत एका दशांश स्थळापर्यंत आणल्यास ०.२ ऐवजी ०.१ होते. दोन कचेऱ्यांनी एकाच माहितीवरून दोन आज्ञावल्यांद्वारे तक्ते केले आणि शेवटच्या अंकात फरक पडला, तर कोणा लिपिकास जबाबदार धरण्यापूर्वी हे कारण तपासून पाहावे.

जनगणनेचे दोन धडे

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या प्रथम ११,२३,७२,९७२ अशी जाहीर झाली. अंतिम आकडा ११,२३,७४,३३३ निघाला. फरक अवघा १,३६१ चा. साक्षरतेचे प्रमाण मात्र ८२.९१ टक्के असे तात्पुरते जाहीर झाले होते, ते अंतिम तक्त्यांत ८२.३४ झाले. दुसरे दशांश स्थळ तर सोडाच, पहिलेही टिकले नाही. तात्पुरत्या आकड्यांवरून दोन जिल्ह्यांच्या साक्षरतेतील एकदशांश टक्क्याच्या फरकावर चर्चा झडत असतील, तर त्या चर्चांचा पाया किती ठिसूळ असतो, हे यावरून दिसते.

दुसरा धडा अधिक खोल आहे. जनगणनेनंतर निवडक ठिकाणी पुन्हा पडताळणी केली जाते. २०११ च्या अशा पडताळणीत देशपातळीवर दर हजारी सुमारे २३ व्यक्ती मोजणीतून निसटल्याचे आढळले. १२१ कोटी लोकसंख्येत हे प्रमाण सुमारे पावणेतीन कोटी होते. मग १,२१,०८,५४,९७७ या संख्येतील शेवटचे सात अंक निरर्थकच काय? मूळ तक्त्यांत ते छापणे योग्यच आहे. ती मोजदाद आहे, अंदाज नव्हे. गावांची बेरीज तालुक्याशी आणि तालुक्यांची जिल्ह्याशी जुळली पाहिजे. परंतु अहवालाच्या निवेदनात, नियोजनाच्या चर्चेत किंवा वर्गात शिकविताना १२१ कोटी, महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर ११.२४ कोटी, एवढेच सांगणे प्रामाणिक होय. वाचकाच्या स्मरणातही तेवढेच राहते. ब्रिटनमधील सांख्यिक अँड्र्यू एरेनबर्ग यांनी १९७७ मध्ये, तक्त्यातील संख्या ज्या दोन अंकांत एकमेकींपासून वेगळ्या पडतात तेवढेच ठेवावेत अशी शिफारस केली होती. मूळ माहिती पूर्ण अंकांनिशी जतन केलेली असेल, तर वाचकासाठी काढलेल्या तक्त्यात ही शिफारस पाळण्यास हरकत नसावी. टक्केवारीचे असे पूर्णांकन केल्यावर बेरीज कधी ९९.९ तर कधी १००.१ भरते. ती जुळविण्यासाठी एखादा अंक गुपचूप बदलण्याऐवजी तक्त्याखाली तशी टीप द्यावी. टक्केवारी किती नगांवरून काढली हेही तेथेच असावे, कारण १२ पैकी ७ शाळांना ५८.३३३३३ टक्के म्हणण्यापेक्षा ‘१२ पैकी ७’ हेच अधिक बोलके आहे.

एका प्रकारच्या आकड्यांना मात्र हे काहीच लागू करता कामा नये. बँकेचा खाते क्रमांक, आधार क्रमांक, शाळेचा सांकेतिक क्रमांक ही नावे आहेत, संख्या नव्हेत. त्यांतील प्रत्येक अंक सार्थ आहे. एक्सेल पंधराच अंक सांभाळते. सोळा अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून भरला की शेवटच्या अंकाच्या जागी मुकाट्याने शून्य येते, आणि बारा अंकी आधार क्रमांक १.२३४५७ई+११ अशासारख्या रूपात दिसू लागतो. आरंभीची शून्येही गळतात. शिष्यवृत्तीची वा अनुदानाची रक्कम त्यामुळे परत येते किंवा भलत्याच खात्याकडे जाण्याचा धोका उद्भवतो. लाभार्थ्यांची यादी भरण्यास घेण्यापूर्वीच असे रकाने ‘मजकूर’ म्हणून ठरवून ठेवावेत. एकदा गेलेला अंक नंतर रकान्याचा प्रकार बदलून परत मिळत नाही, तो मूळ पासबुकावरूनच पुन्हा उतरवून घ्यावा लागतो.